जुन्या गाडीची डिकी नीट लागत नसेल तर

घोडबंदर रोडच्या खड्ड्यांनी माझ्या १९७२च्या एमजीबीची (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) डिकी दोनदा आपटल्याशिवाय लागेना. आपटू नका, पत्रा वाकतो.

१. कुलूप जिथे अडकतं त्या खिट्टीभोवती पेन्सिलीने खूण करा.
२. खिट्टीला ओलं कुंकू लावून डिकी हळूच टेकवा. कुलपावर डाग मधोमध पडला नाही, तर जुळणी बिघडलीय.
३. बोल्ट नुसते सैल करून खिट्टी मिलिमीटरभर सरकवा, आवळा, पुन्हा बघा. इथे घाई नको. मला चार खेपा लागल्या.
४. डिकीच्या कडेच्या रबरावर कागदाची पट्टी धरून डिकी लावा. पट्टी सहज निसटली तिथून पावसाचं पाणी शिरणार.

नवं रबर जाड असेल तर आधी ते दबू द्या.

बोल्ट सैल असताना डिकी पूर्ण लावू नका. खिट्टी सरकली तर डिकी उघडणारच नाही.