'कशी वाटली?' असं विचारू नका

ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली रचना दुसऱ्या संगीतकाराला नुसती एमपीथ्री म्हणून पाठवली, तर 'छान' यापलीकडे उत्तर येत नाही. सोबत स्कोअरची, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या एकत्र स्वरलिपीची, पीडीएफ द्या, बार (उभ्या रेघांमधला ठरावीक मात्रांचा तुकडा) नंबर घाला आणि नेमकं विचारा: '४१ ते ५६ बारमध्ये बासरी ऐकू येते का?' कॉम्प्युटरवर तयार केलेली एमपीथ्री इथे हमखास फसवते. खालच्या सप्तकातली बासरी तिथे स्पष्ट वाजते, प्रत्यक्षात ट्रॉम्बोन ही मोठ्या आवाजाची पितळी वाद्यं तिला गिळून टाकतात.

स्कोअर मूळ स्वरात (जसा ऐकू येतो तसा) आहे की ट्रान्सपोज केलेला (वाद्यानुसार स्वर सरकवून लिहिलेला), हे पहिल्याच पानावर लिहा. बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतो, एफ हॉर्न पाचव्याने, म्हणजे सा ते प इतक्या अंतराने, खाली. हे कळलं नाही तर वाचणारा नसत्या चुका काढत बसतो.

गोव्यातल्या माजोर्ड्याचे संगीतकार अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत राग आणि सिंफनी एकत्र आणले. तुमचाही तसा बेत असेल तर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) गृहीत धरू नका. कुठून सुरू, कुठे संपते, किती मात्रा, सगळं लिहा. भजनात हे सांगावं लागत नाही, इथे लागतं.

आणि संगीतकारांआधी आपल्या वस्तीतल्या एखाद्या व्हायोलिनवाल्याला गाठा. गोव्यात तो सापडतोच. सगळ्यात खालच्या तारेवरचे दोन स्वर तुम्ही एकदम वाजवायला लिहिले असतील, तर तो अर्ध्या मिनिटात हसेल, कारण एका तारेवर एका वेळी एकच स्वर वाजतो. आलेली सूचना पटली नाही तरी लगेच वाद घालू नका, वहीत टिपून ठेवा. तीच तक्रार तिघांनी केली, तर तो बार पुन्हा लिहायला घ्या.