‘द विचर’वर वाद घालण्याआधी या चुका टाळा

‘द विचर’चा नायक गेराल्ट हा विचर, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा. त्याच्या पाठीवर तलवारी किती? गेम खेळलेला म्हणणार दोन, एक पोलादी आणि एक चांदीची. पुस्तकं वाचलेला म्हणणार एकच. चांदीची तलवार गुंडाळून घोडीवरच्या सामानात ठेवलेली असते, राक्षसाशी गाठ पडणार असेल तेव्हा बाहेर निघते. दोघंही बरोबर आहेत, आणि म्हणूनच हे भांडण मिटत नाही. ‘द विचर’चे बहुतेक वाद याच जातीचे असतात. गेराल्ट तीन आहेत, पुस्तकातला, गेममधला आणि मालिकेतला, आणि आपण कोणत्या गेराल्टबद्दल बोलतोय, हे कुणी सांगत नाही.

“गेममध्ये तर असं नव्हतं!”

मालिकेबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी ही तक्रार मुळात चुकीच्या दारात नेलेली असते. आंद्रजेय साप्कोव्स्की यांची पहिली विचरकथा 1986 मध्ये पोलंडच्या एका मासिकात आली. सलग कादंबऱ्यांची मुख्य मालिका 1999 मध्ये संपली. सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा पहिला गेम आला 2007 मध्ये, आणि तिन्ही गेमचं कथानक शेवटच्या कादंबरीच्या पुढचं आहे. ते साप्कोव्स्कींनी लिहिलेलं नाही. नेटफ्लिक्सची मालिका डिसेंबर 2019 मध्ये सुरू झाली ती पुस्तकांवर. त्यामुळे गेममधला प्रसंग मालिकेत शोधणं म्हणजे नातवाचे किस्से आजोबांच्या चरित्रात शोधणं.

मालिकेला नावं ठेवायला जागा नाही असं मात्र नाही. दुसऱ्या सीझनमध्ये गेराल्टचा विचर साथीदार एस्केल मरतो. पुस्तकांत तो मरत नाही आणि तिसऱ्या गेममध्ये तर चांगला धडधाकट भेटतो. व्होलेथ मेअर ही दुष्टशक्ती तर मालिकेचीच निर्मिती. त्याच सीझनचा पहिला भाग नीव्हेलेन या शापित माणसाच्या मूळ कथेवर आहे, पण त्या कथेत सिरी (गेराल्ट लेकीसारखी सांभाळतो ती राजकन्या) नाही, गेराल्ट एकटाच आहे. तक्रार करायची तर अशी नेमकी करा: कोणती कथा, त्यात काय होतं, इथे काय केलं. “सगळं बिघडवलं” याला समोरच्याकडे उत्तर नसतं आणि त्यातून पुढे काही निघतही नाही.

पहिल्या सीझनचा गुंता

“पहिला सीझन कळलाच नाही” म्हणणाऱ्यांची चूक एकच असते. गेराल्ट, सिरी आणि जादूगारीण येनेफर यांच्या तिन्ही कथा एकाच वेळी घडताहेत असं ते धरून चालतात. गेराल्टचं ब्लाव्हिकेन गावातलं प्रकरण 1231 मधलं, सिरीच्या सिंट्रा राज्याचा पाडाव 1263 मधला, आणि येनेफरची कथा तर ब्लाव्हिकेनच्याही आधी सुरू होते. पडद्यावर साल कुठेच येत नाही. विचर आणि जादूगारिणी फार सावकाश म्हाताऱ्या होत असल्याने चेहऱ्यांवरूनही पत्ता लागत नाही. (गेराल्टचा गायक मित्र यास्किअर साधा माणूस असूनही तसाच तरुण दिसत राहतो, ही मात्र मालिकेची खरीच चूक.)

खुणा आहेत, फक्त त्या संवादांत दडल्यात. पहिल्याच भागात ब्लाव्हिकेनमध्ये भेटलेली रेन्फ्री गेराल्टला सांगते की सिंट्राच्या कॅलान्थेने नुकतीच पहिली लढाई जिंकली. त्याच भागात सिरीच्या बाजूला हीच कॅलान्थे सिरीची आजी म्हणून मरते. तिसऱ्या भागात येनेफरच्या समारंभात फोल्टेस्ट लहान मुलगा आहे आणि गेराल्टसमोर तोच वयस्क राजा. चौथ्या भागातली मेजवानी पॅव्हेटाच्या, म्हणजे सिरीच्या आईच्या स्वयंवराची, साल 1249. सातव्या भागात गेराल्ट सिंट्रात पोचतो आणि पहिल्या भागातला पाडाव दुसऱ्या बाजूने दिसतो. तिथून धागे जुळू लागतात.

काही जण तुकडे सालवार लावून बघतात. पहिल्यांदा बघताना हे करू नका, सिरीची कथा एकदम शेवटी जाते आणि तिच्यात जीव गुंतत नाही. वरची तीन सालं डोक्यात ठेवून सरळ क्रमाने बघा.

पुस्तकांचा क्रम: सगळ्यात महाग पडणारी चूक

मराठी वाचक ही पुस्तकं बहुधा इंग्रजीतून वाचतात, आणि घोळ त्या भाषांतरांनीच घालून ठेवलाय. इंग्रजीत ‘द लास्ट विश’ 2007 मध्ये आलं आणि लगेच 2008 मध्ये ‘ब्लड ऑफ एल्व्ज’. मधला कथासंग्रह ‘स्वोर्ड ऑफ डेस्टिनी’ इंग्रजीत यायला 2015 उजाडलं! ‘ब्लड ऑफ एल्व्ज’ ही सलग कथानकाची पहिली कादंबरी असल्याने तिलाच ‘भाग 1’ समजलं जातं. तिथून सुरुवात केली की गेराल्ट या मुलीसाठी एवढा जीव का टाकतो, हेच कळत नाही.

ते कारण ‘स्वोर्ड ऑफ डेस्टिनी’त आहे. ब्रोकिलॉनच्या जंगलात गेराल्टला छोटी सिरी पहिल्यांदा भेटते, आणि तो तिला सोडून निघून जातो. संग्रहाच्या शेवटच्या कथेत ती दोघं पुन्हा भेटतात, म्हणून ती मिठी पोटात कालवते. मालिकेने सिरीला ब्रोकिलॉनमध्ये गेराल्टशिवाय नेलं आणि पहिल्या सीझनच्या शेवटी दोघांची पहिलीच भेट घडवली. दृश्य तेच, पण ताटातूटच झालेली नाही, मग भेटीला वजन कुठून येणार? पुस्तकवाले नाराज आहेत ते खरं इथे.

क्रम असा ठेवा: ‘द लास्ट विश’, ‘स्वोर्ड ऑफ डेस्टिनी’, मग ‘ब्लड ऑफ एल्व्ज’, ‘टाइम ऑफ कंटेम्प्ट’, ‘बॅप्टिझम ऑफ फायर’, ‘द टॉवर ऑफ द स्वॉलो’, ‘द लेडी ऑफ द लेक’. ‘सीझन ऑफ स्टॉर्म्स’ची कथा आधीची असली तरी ते लिहिलंय 2013 मध्ये, सगळं वाचलेल्यांसाठी, ते शेवटी घ्या.

नावं

पोलिश ‘जे’ म्हणजे आपला य. डँडेलायन आणि यास्किअर ही दोन पात्रं नाहीत. पोलिश नाव यास्किअर, इंग्रजी पुस्तकांत आणि गेममध्ये डँडेलायन. मालिकेने पोलिश नाव परत आणलं. गेराल्टच्या घोडीचं नाव रोच म्हणजे झुरळ नव्हे, गोड्या पाण्यातला एक मासा; पोलिश नावाचा अर्थही तोच. गेराल्ट आपल्या प्रत्येक घोडीचं नाव हेच ठेवतो, त्यामुळे “दुसऱ्या सीझनमध्ये मेली ना, मग ही कोण?” हा प्रश्न आपोआप सुटतो.

ट्रिस या जादूगारिणीचे केस हा वेगळाच आखाडा. पुस्तकात ते तपकिरी आहेत, भडक लाल गेमने केले. “पुस्तकातल्यासारखी लाल केसांची ट्रिस हवी” म्हणणाऱ्याने पुस्तक उघडलेलं नाही, एवढंच सिद्ध होतं.

मालिकेवरून गेमकडे जाताना

थेट ‘विचर 3’ घेतला तरी चालतं. नवा गेम सुरू करताना ‘विचर 2’ची सेव्ह फाइल नसेल तर ती ‘सिम्युलेट’ करण्याचा पर्याय चालू करा. मग व्हिझिमा शहरात दाढी करून घेताना मॉर्व्हरन व्हूऱ्हिस नावाचा अधिकारी जुन्या निर्णयांबद्दल विचारतो. ‘विचर 2’मधला लेथो हा दुसरा विचर जिवंत आहे असं सांगा. नाही तर त्याची आख्खी क्वेस्ट हातची जाते. आणि येनेफर व ट्रिस दोघींनाही “प्रेम आहे” म्हणू नका. दोघी मिळून हिशेब चुकता करतात.

डिसेंबर 2022 च्या मोफत अपडेटनंतर सेटिंगमध्ये नेटफ्लिक्सच्या धर्तीचं, निल्फगार्ड साम्राज्याच्या सैनिकांचं चिलखत आणि डँडेलायनचं मालिकेतलं रूप चालू करता येतं. ते दिसत नसेल तर आधी अपडेट झालंय का ते पाहा.

कॅव्हिल, हेम्सवर्थ आणि अफवा

ऑक्टोबर 2022 मध्ये गेराल्ट साकारणाऱ्या हेन्री कॅव्हिलने मालिका सोडल्याचं जाहीर झालं, पण त्या निवेदनात कारण दिलेलं नव्हतं. तरी चर्चेत दर तिसरा माणूस कारण असं सांगतो, जणू तो खोलीत बसला होता. चौथ्या सीझनमधला नवा गेराल्ट, लिअम हेम्सवर्थ, वेगळा वाटत असेल तर ‘बॅप्टिझम ऑफ फायर’ आठवा: जखमी, चिडलेला, सिरीच्या शोधात निघालेला आणि सोबती नको म्हणता म्हणता गोतावळा जमवणारा गेराल्ट. त्यातलं किती नटाचं आणि किती पुस्तकाचं, ते वेगळं काढून बोला.

याच सीझनमध्ये गेराल्टचा सोबती रेजिस आला, आणि इथे जपायला हवं. ‘ब्लड अँड वाइन’ ही ‘विचर 3’ची पुरवणी खेळलेल्याने त्याच्याबद्दल एक निरागस वाक्य टाकलं तरी शेवटच्या कादंबरीतला मोठा धक्का फुकट जातो. नुसतं ‘स्पॉयलर’ लिहून भागत नाही, कारण कशाचा ते कळत नाही. पहिल्याच ओळीत लिहा: “सीझन 4, भाग 3 पर्यंत, पुढची पुस्तकं आणि गेम नाहीत.”