वाचायला वेळ कसा काढायचा? कोल्हापुरातल्या बिझी माणसासाठी

"वाचायला लई आवडतं, पण वेळच मिळत नाही" हे वाक्य कोल्हापुरात कुठल्याही कट्ट्यावर ऐकायला मिळतं आणि गंमत म्हणजे बोलणारा तेव्हा तासभर कट्ट्यावरच बसलेला असतो. टोमणा मारत नाही राव, कट्टा पण पाहिजेच, त्याशिवाय या गावात राहून करायचं काय. पण वेळ बहुतेकांकडं असतो, फक्त सलग नसतो, दहा मिनिटं इकडं पंधरा मिनिटं तिकडं असा सांडलेला असतो, आणि जिथं तो सांडतो तिथं हाताशी मोबाईल असतो, पुस्तक घरात शोकेसमध्ये असतं. तर खाली जे काय सांगितलंय ते सगळं फिरून एकाच गोष्टीवर येतं, पुस्तक त्या जागी नेऊन ठेवायचं.

आणि एक आधीच क्लिअर करतो. आपल्याकडं 'वाचतोय' म्हटलं की लोक विचारतात कुठली परीक्षा? अभ्यासिकांमध्ये पोरं सकाळपासून रात्रीपर्यंत एमपीएससीची पुस्तकं घेऊन बसलेली असतात, त्यांना मनापासून शुभेच्छा, पण हा लेख त्या वाचनाचा नाही. ज्यातून काही मिळवायचं नाही, नुसतं बरं वाटतंय म्हणून वाचायचं, त्याचा आहे.

१. आधी दोन-तीन दिवस नुसतं बघा वेळ कुठं सांडतोय

लगेच काही बदलू नका. फोनच्या सेटिंगमध्ये स्क्रीन टाईम नाहीतर डिजिटल वेलबीइंग असं काहीतरी असतं ते उघडा, कुठल्या ॲपवर किती वेळ गेला ते दिसतं. आकडा बघून छातीत धस्स होईल, होऊ दे. पण आकड्यापेक्षा कामाचं म्हणजे तो वेळ कुठं बसून गेला हे आठवायचं. शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामाला असाल तर कंपनीच्या बसची वाट बघणं आणि बसमधला वेळ. पोरांना ट्यूशनला सोडून बाहेर गाडीवर बसून राहणं. सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, एसटीची वाट. दवाखान्यात नंबर लावून बसणं, तिथं तर डॉक्टर येईपर्यंत एखादी आख्खी कथा होते. गावाकडं असाल तर रात्रीची लाईट आल्यावर उसाला पाणी पाजायला गेलेलं असताना एक वाफा भरेपर्यंतचा वेळ, डेअरीत दुधाचं माप होईपर्यंतची लाईन. आणि सगळ्यात मोठा म्हणजे रात्री अंथरुणात पडल्यावरचा, "पाच मिनिटं बघतो" म्हणून सुरू झालेला.

यातल्या कुठल्या वेळेला तुम्ही खरंच दमलेले असता ते पण बघा. फाउंड्रीतनं सेकंड शिफ्ट करून आलेल्या माणसाला रात्री वाचायला सांगणं म्हणजे थट्टाच, त्यानं सकाळचा वेळ धरावा.

२. एकच वेळ धरा आणि छोटी धरा

"रोज एक तास वाचणार" हे ठरवलं की तिसऱ्या दिवशी पाहुणे येतात. त्यापेक्षा पंधरा पानं धरा, सवयीच्या माणसाला त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, नवीन माणसाला थोडी जास्त. हिशोब बघा, रोज १५ पानं म्हणजे महिन्याला ४५०, मधले आठ-दहा दिवस बुडाले तरी तीनशे पानं होतात, म्हणजे मध्यम जाडीची एक कादंबरी सहज झाली. वर्षाला दहा-बारा पुस्तकं आणि कुठंही धावाधाव नाही.

वेळ घड्याळाशी बांधू नका, रोज होणाऱ्या एखाद्या कामाशी बांधा. सकाळच्या चहाबरोबर, जेवणाचा डबा खाल्ल्यावर, पोरगं ट्यूशनच्या गेटातनं आत गेलं की. काम रोज होतंच त्यामुळं वाचायची आठवण आपोआप येते, अलार्म लावायला लागत नाही. आणि पंधरा पानांच्या पुढं जावं वाटलं तर जावा की, कोण अडवतंय.

३. पुस्तक जागेवर ठेवा, ही खरी पायरी

बाकी सगळं विसरला तरी चालेल, हे करा. जिथं वेळ सांडतोय तिथं पुस्तक आधीच असलं पाहिजे, शोधायला उठायला लागलं की संपलं. अंथरुणाजवळचा वेळ धरलाय तर पुस्तक उशाशी आणि मोबाईलचा चार्जर बाहेरच्या खोलीत, याच क्रमानं. नुसतं पुस्तक उशाशी ठेवून चार्जर पण तिथंच असेल तर कोण जिंकणार हे मी सांगायला नको. अलार्मसाठी मोबाईल लागतो म्हणणाऱ्यांनी साधं अलार्मचं घड्याळ आणावं, फार महाग नसतंय.

दोन पुस्तकं एकदम चालू ठेवली तर चालतात, उलट बरंच पडतं. घरात जाडजूड कादंबरी आणि बॅगेत किंवा गाडीच्या डिकीत पातळ पुस्तक. बॅगेतलं शक्यतो कथासंग्रह, ललित लेख, प्रवासवर्णन असं तुकड्यातुकड्यानं वाचता येणारं घ्या, कारण स्टँडवर बसून कादंबरीतली वीस माणसं लक्षात ठेवायची म्हणजे तोपर्यंत गाडी लागते. एसटीत वाचताना मळमळणाऱ्यांनी हट्ट करू नये, रेल्वेत तो त्रास बऱ्याच जणांना कमी होतो, आणि कोयना एक्स्प्रेसनं मुंबईला जायचं म्हणजे जवळजवळ आख्खा दिवस हातात असतो.

पावसाळ्यात बॅगेतल्या पुस्तकाला प्लॅस्टिकची पिशवी लागतेच. कोल्हापूरच्या पावसाला रेनकोट, बॅगेची चेन असलं काही कळत नाही.

४. आवडेल तेच घ्या, नाही आवडलं तर सोडा

लोकांचं वाचन इथंच अडकतं असं माझं ठाम मत आहे. कुठंतरी 'आयुष्यात वाचलीच पाहिजेत अशी शंभर पुस्तकं' अशी यादी बघितलेली असते, नाहीतर सत्कारात शाल-नारळाबरोबर मिळालेला ऐतिहासिक कादंबरीचा ठोकळा असतो, तो उघडायचा, चाळीस पानांवर गाडी रुतायची, आणि मग तो संपल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही असा नियम आपणच आपल्याला लावायचा. सहा महिने जातात. त्या सहा महिन्यांत माणूस म्हणत राहतो वेळ नाही. वेळ होता हो, त्या पुस्तकाकडं जावंसं वाटत नव्हतं.

तर सरळ नियम करा, पन्नास पानं द्यायची, नाही जमलं तर बंद. लेखक काय घरी येऊन विचारत नाही. परत कधीतरी दहा वर्षांनी तेच पुस्तक आवडेल, तेव्हाचं तेव्हा. विनोदी, रहस्यकथा, भुताच्या गोष्टी, शिकारकथा, पाककृतींची पुस्तकं, कुस्तीगिरांची चरित्रं, काहीही चालतंय, "हे काय वाचतोस" म्हणणाऱ्याला मिसळ खाऊ घाला आणि विषय बदला.

बऱ्याच वर्षांनी परत सुरू करत असाल तर एक सुचवतो, आपल्या भागातल्या लेखकांपासून सुरुवात करा. शंकर पाटील पट्टणकोडोलीचे, आनंद यादव कागलचे, रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. यातल्या पहिल्या दोघांच्या ग्रामीण कथांमधली माणसं आपल्या शेजारच्या गल्लीत बोलतात तशीच बोलतात, त्यामुळं पानं भराभर उलटतात. शहरी मुलांना काही शब्द अडतील, ते आज्जीला विचारायचे, त्यात अर्धा तास जाईल पण तो वाया गेला असं कोण म्हणेल.

५. लायब्ररी लावा

पुस्तकं विकत घ्यावीत, नाही असं नाही, पण सवय लावायला लायब्ररी जास्त कामाची. एक तर परत द्यायची तारीख असते, त्यामुळं हलका धक्का बसत राहतो. आणि पैसे घातलेले नसतात म्हणून न आवडलेलं पुस्तक सोडताना जीव तुटत नाही.

आणि या बाबतीत कोल्हापूरकरांनी तरी कारणं सांगू नयेत. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, म्हणजे १८५७ च्या आधीपासून या गावात लोक पुस्तकं बदलायला जातायत. ग्रंथालयांसाठी कायदा सुद्धा कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्येच केला होता, आख्ख्या महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला १९६७ ला. पेठांमध्ये, उपनगरांत, मोठ्या गावांत पण वाचनालयं असतात, तुमच्या घराजवळचं कुठलं ते आधी बघा, कारण लांबची लायब्ररी लावली की दोनदा जाणं होतं आणि मग नुसती वर्गणी भरली जाते. साधारणपणे सुरुवातीला अनामत रक्कम आणि मग महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी अशी पद्धत असते. रोजच्या जायच्या-यायच्या वाटेवर असेल तर सोन्याहून पिवळं, भाजी आणायला जाताना बदलून होतं.

काउंटरवरच्या माणसाशी ओळख करा. "काका, मागच्या वेळचं जरा जड झालं, कायतरी हलकंफुलकं द्या की" एवढं म्हटलं की ते जे काढून देतात ते कुठलं ॲप सुचवणार नाही, कारण त्यांना कुठलं पुस्तक हातोहात फिरतंय आणि कुठलं दुसऱ्या दिवशी परत येतंय हे माहीत असतं. दिवाळीनंतर तर आठवणीनं जावा, बऱ्याच वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी योजना असते, थोड्या पैशात कितीतरी अंक वाचून होतात, आणि तुटक वेळात वाचायला दिवाळी अंकाइतकं सोयीचं काही नाही.

६. घरातल्यांना सांगून ठेवा

हे मुद्दाम लिहितोय, विशेषतः घरातल्या बायकांसाठी. घरातला पुरुष पेपर घेऊन बसला की सगळे हळू बोलतात आणि आई पुस्तक घेऊन बसली की पाचव्या मिनिटाला "आई, माझे सॉक्स कुठायत", "अगं, चहा टाकतेस का", "सूनबाई, बेल वाजतीया बघ". म्हणजे तिला वेळ नसतो असं पण नाही, तिचा बसलेला वेळ कुणी वेळ म्हणून धरतच नाही, ती रिकामीच आहे असं सगळे समजतात. यावर पुस्तक बदलून उपयोग नाही, बोलायलाच लागतं. दुपारी तीन ते साडेतीन मी वाचत असते, तेवढ्यात घर पेटलं तरच हाक मारा, असं एकदा सगळ्यांसमोर सांगायचं. पहिले काही दिवस हसतील, मग त्यांना सॉक्स सापडायला लागतात.

आणि घरातल्या बाकीच्यांनी खरंच मदत करायची असेल तर त्या अर्ध्या तासात आपण पण टीव्हीचा आवाज बारीक करावा, जमलं तर शेजारी बसून वाचावं. लहान पोरांना 'वाच, वाच' म्हणून काही होत नाही, आईबाप वाचताना दिसले की ती आपोआप चित्रांची पुस्तकं घेऊन शेजारी येऊन बसतात. कधी येतात, कधी येत नाहीत, नाही आली तर तुमचं वाचन तर झालं.

७. मोबाईलवर वाचलं तर?

चालतंय. शेतात, अंधारात, गर्दीत तेच सोयीचं पडतं. फक्त पुस्तक आधी डाउनलोड करून घ्या आणि वाचताना फ्लाइट मोड टाका, नाहीतर दोन पानांनंतर कुणाच्यातरी बारशाचे फोटो बघत बसाल. ऑडिओबुक पण वाचनच धरा, भांडी घासताना, गुरांचं करताना, हायवेवर गाडी चालवताना कान मोकळेच असतात.

८. खंड पडणार, त्याची तयारी ठेवा

लग्नसराई, गावची जत्रा, गणपती, परीक्षा, साखर कारखाना सुरू झाल्यावरची धावपळ, पुस्तक महिनाभर बंद राहणारच. परत उघडल्यावर कोण कुठला काही आठवत नाही आणि मग आपण पहिल्यापासून सुरू करतो, तिथंच कंटाळा येतो. यावर सोपा उपाय म्हणजे खुणेला जो कागद ठेवता त्याच्यावरच पेन्सिलीनं एक ओळ लिहायची, 'थोरला भाऊ घर सोडून गेला, पत्र अजून कुणी वाचलं नाही' असं काहीतरी. परत येताना ती ओळ वाचायची, मागची दोन पानं चाळायची आणि पुढं जायचं. बुडालेल्या दिवसांची पानं भरून काढायला जाऊ नका, ती काय उसाची बिलं नाहीत थकायला.

जुलै-ऑगस्टमध्ये उलट होतं, वेळच वेळ असतो पण मन लागत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी ३९ फुटांच्या इशाऱ्यावर गेली की जो तो दर तासाला फोन बघतो, ४३ ला धोका पातळी, मग तर विचारूच नका. नदीकाठी राहणाऱ्यांनी तेव्हा बघितलंच पाहिजे, पण जे उंचावर सुरक्षित आहेत त्यांनी सकाळ-संध्याकाळ एकदा पातळी बघावी आणि मधल्या वेळेत पुस्तक उघडावं, आपण बघितल्यानं पाणी उतरत नाही.

त्याच दिवसांत पुस्तकांची काळजी पण घ्यावी लागते. भिंतीला टेकवून ठेवलेल्या पुस्तकांना ओल धरते, मग बुरशी, मग कसर. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, पुस्तकं दाटीनं कोंबू नका, कडुलिंबाचा वाळलेला पाला कापडात बांधून आत ठेवा, आणि ऊन पडलं की कपाटाची दारं तासभर उघडी टाका. पुस्तकं थेट कडक उन्हात मात्र नको, पानं पिवळी पडतात आणि बांधणी सुटते. भिजलेलं असेल तर पानांमध्ये साधे कोरे कागद घालून फॅनखाली उभं करून वाळवा, वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते. लायब्ररीचं असेल तर लपवू नका, वाळवून घेऊन जावा आणि काय झालं ते काकांना सरळ सांगा.