जुन्या ऑपरेटरला ट्रेनर करायचं असेल तर

चाकणला एका कारखान्यात ट्रेनिंग बघतो, सात-आठ वर्षं झाली. माझं काम म्हणजे मुरलेल्या ऑपरेटर लोकांना ट्रेनर म्हणून तयार करायचं, पुढे तेच अप्रेंटिस पोरांना शिकवतात. या कामात नवीन आलेले बरेच जण विचारतात सुरुवात कुठून करू, म्हणून लिहितोय.

माझी पहिली बॅच पार वाया गेली. सेशन रंगवायचं कसं यावरच मी दोन तास स्लाइड दाखवत बसलो, समोर नाईट करून आलेली माणसं, एसी चालू आणि लाईट बंद, निम्मे पेंगले. पण खरं वाईट पुढच्या आठवड्यात वाटलं, लाईनवर गेलो तर त्यांनीही पोरांना उभं करून तसंच लेक्चर सुरू केलेलं, कारण माझ्याकडून त्यांनी तेवढंच उचललं होतं.

मग मी जुनी पद्धत धरली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० ते १९४५, अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम होता, त्यात सुपरवायझर लोकांना शिकवायचं कसं ते शिकवायचे. दहा जणांचा ग्रुप, दोन-दोन तासांची पाच सेशन, बस. पहिल्याच सेशनला वायरची एक गाठ असायची, वायर ओढली गेली तरी आतल्या जोडणीवर ताण येऊ नये म्हणून मारतात ती. मीही तेच करतो, प्रत्येकाच्या हातात वायरचा तुकडा देतो आणि आधी नुसतं तोंडाने सांगतो, कुणाला जमत नाही. मग न बोलता करून दाखवतो, तरी जमत नाही. तिसऱ्यांदा एकेक टप्पा, त्यात लक्ष कुठे द्यायचं आणि का, असं दाखवलं की जमते. एवढ्यात सगळे जागे होतात, वेगळा गेम-बिम लागत नाही.

त्यानंतर प्रत्येकाने आपलं काम तीन रकान्यांत लिहायचं: टप्पा, खुबी, कारण. इथे घाई करू नका, अर्धा दिवस गेला तरी चालेल. आमच्याकडे एक सिनियर आहेत, सगळे मामा म्हणतात, त्यांनी मायक्रोमीटरबद्दल, म्हणजे जॉबचं (बनवलेल्या तुकड्याचं) बारीक माप घ्यायच्या साधनाबद्दल, लिहिलं, "जॉब धरायचा, रीडिंग घ्यायचं." मी म्हटलं मामा, हळू करून दाखवा. तर ते आधी दोन्ही तोंडं कागदाने पुसतात, झिरो बघतात, आणि शेवटी मागचं रॅचेट, म्हणजे ठराविक दाब आला की घसरणारी छोटी मूठ, टिक टिक वाजेपर्यंत फिरवतात. म्हणाले, "हे काय लिहायचं, हे तर सगळ्यांना माहीत असतं." नव्हतं ना माहीत! पोरं रॅचेट सोडून थिंबलच, म्हणजे त्याच्या पुढची फिरती नळी, जोर लावून आवळत होती, म्हणून प्रत्येकाचं रीडिंग वेगळं यायचं.

आणि शिकणाऱ्याकडून करून घेताना त्याला बोलायला लावा, काय करतोय, का करतोय. ट्रेनरला सगळ्यात जड हेच जातं, पोरगं अडखळलं की हात आपोआप पुढे जातो. मी सांगतो हात मागे बांधून उभे राहा.

सेशन झालं म्हणून सोडून देऊ नका, आठवड्याभरात लाईनवर एक चक्कर माराच. मी गेलो तेव्हा मामा हात मागे बांधून गप उभे होते, आणि पोरगं कागदाने मायक्रोमीटर पुसत त्यांनाच सांगत होतं, "आधी पुसायचं, नाहीतर कचऱ्याचंच माप येतं."