वेग्नरच्या वाय-खुर्चीची बैठक कागदी दोरीने नव्याने कशी विणावी

पाठीत वाय आकाराची पट्टी असलेली ‘सीएच २४’ ही खुर्ची डॅनिश फर्निचर-रचनाकार हान्स वेग्नर यांनी १९४९ साली रेखाटली आणि १९५० पासून कार्ल हॅन्सन अँड सन ही डॅनिश कंपनी ती बनवते आहे. लाकूड नीट जपलं तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. बैठक मात्र झिजते, सैल पडते. ती बदलता येते, हेच या खुर्चीचं मोठेपण. सरावलेला विणकर तासाभरात बैठक उरकतो. पहिल्यांदा करणाऱ्याने शनिवार-रविवार मोकळा ठेवावा.

सामान: पीळ दिलेली ३ मिमी जाडीची कागदी दोरी (सुमारे १२० मीटर लागते, १३५ घ्यावी), बारीक खिळे, हातोडी, पकड, क्लॅम्प, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) आणि बोथट टोकाची लाकडी पट्टी.

१. जुन्या बैठकीचे वरून आणि खालून फोटो काढा. मग दोरी कापा, आतले खिळे उपसा. सांधे हलत असतील तर आत्ताच लाकडाचा गोंद भरून रात्रभर क्लॅम्पमध्ये आवळून ठेवा. नंतर तिथे हात पोचत नाही.

२. आता पुढचे कोपरे भरा. बहुतेकांचं इथेच बिघडतं. बैठकीच्या चौकटीचा पुढचा दांडा मागच्यापेक्षा लांब असतो. तो फरक आधी भरून काढावा लागतो. समजा फरक ८ सेंमी आहे, तर दोन्ही टोकांना ४-४ सेंमी, म्हणजे दोरीचे साधारण १३ तुकडे. तुकडा डाव्या दांड्याच्या आतल्या अंगाला खिळ्याने ठोका. दोरी पुढच्या दांड्यावरून खाली न्या, मधून वर काढा, डाव्या दांड्यावरून खाली घ्या आणि पुन्हा मधून वर काढून थेट उजव्या दांड्याकडे न्या. तिथे क्रम उलटा: आधी उजवा दांडा, मग पुढचा. शेवट उजव्या दांड्याच्या आत ठोका. पुढच्या प्रत्येक तुकड्याचा खिळा आधीच्याच्या थोडा मागे.

३. पुढची जागा मागच्या दांड्याइतकी उरली की अखंड दोरीने चारही कोपऱ्यांतून तसेच फेरे घ्या. आठ-दहा मीटरचीच दोरी हातात धरा. लांब दोरी गुंतते आणि पीळ सोडते. पीळ सुटलेला दिसला की हाताने परत द्या, नाहीतर तेवढाच पदर चपटा दिसतो. जोडगाठ नेहमी वरच्या आणि खालच्या थरांच्या मध्ये लपवावी.

दर चार-पाच फेऱ्यांनी लाकडी पट्टीने दोऱ्या एकमेकींना भिडवा आणि कोपऱ्याला गुण्या लावा. तिरपेपणा दिसला तर तेवढे फेरे उसवा. पुढे तो वाढतच जातो. ताण राखण्यासाठी थांबताना दोरी क्लॅम्पने धरा. दोरी भिजवून ताणण्याचा मोह मात्र आवरा: वाळल्यावर ती सैल पडते.

४. बैठक रुंदीला जास्त असल्याने बाजूचे दांडे आधी भरतात आणि मध्ये पट्टा उरतो. तो पुढून मागे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घेत भरा: पुढच्या दांड्यावरून खाली, मधल्या फटीतून वर, मग मागच्या दांड्यावरून. शेवटचं टोक मागच्या दांड्याला आतून ठोका.

काही सांडलं तर लगेच टिपा, पुसायचं असेल तर घट्ट पिळलेलं फडकं वापरा. आणि बल्ब बदलायला या खुर्चीवर चढू नका.