स्केलबारवर विश्वास ठेवण्याआधी

डिजिटल मायक्रोस्कोपसमोर नवीन मुलगा किंवा मुलगी बसली की मी आधी एकच प्रश्न विचारते: हा स्केलबार कोणत्या ऑब्जेक्टिव्हचा आहे? (स्केलबार म्हणजे चित्रावरची माप दाखवणारी रेघ, ऑब्जेक्टिव्ह म्हणजे स्लाइडजवळचं भिंग.) बहुतेक जण स्क्रीनकडे बघत राहतात. उत्तर स्क्रीनवर नसतंच. आधी वाकून नोजपीस, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह बसवलेली फिरती चकती, बघायचं, मग सॉफ्टवेअरमध्ये काय निवडलंय ते बघायचं, आणि दोन्ही जुळले तरच माप लिहायचं.

मी भंडारा जिल्ह्यातली. नागपूरला डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला, आले तेव्हा मेडिकल चौकाजवळ खोली करून राहत होते. प्रॅक्टिकलला एका मायक्रोस्कोपवर इतके जण असायचे की आपली पाळी येईपर्यंत स्लाइडवरचं सलाइन सुकून जायचं. त्यामुळे कॅमेरा आणि मोठी स्क्रीन आली तेव्हा सुटल्यासारखं झालं, हे मला अजून आठवतं. तुम्हालाही तसंच वाटत असेल तर त्यात गैर काही नाही. सर ज्या पेशीबद्दल बोलताहेत तीच पेशी अख्ख्या बॅचला एकाच वेळी दिसते, ही शिकणाऱ्यासाठी फार मोठी सोय आहे.

नॉब, कंडेन्सर (स्लाइडखालचं उजेड एकवटणारं भिंग), तेल कधी लावायचं, हे तुम्हाला येतं असं धरून चालते. स्क्रीन काळी दिसली तर घाबरू नका. ट्रायनॉक्युलर हेडच्या (दोन नळ्या डोळ्यांसाठी, तिसरी कॅमेऱ्यासाठी) बाजूची दांडी ओढायची राहिली असेल. ती ओढल्याशिवाय कॅमेऱ्याकडे उजेड जात नाही.

आता मुख्य गोष्ट. कॅमेऱ्याला मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) कळत नाही, त्याला फक्त पिक्सेल कळतात. एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रॉन, हे आपण सॉफ्टवेअरला प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी वेगळं शिकवायचं असतं. त्यासाठी स्टेज मायक्रोमीटर लागतं: एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेली काचपट्टी, प्रत्येक भाग १० मायक्रॉनचा. समजा तुमच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा आहे आणि मध्ये अर्ध्या पटीचा अडॅप्टर, म्हणजे चित्र निम्मं करणारं जोडभिंग, आहे. मग ४० एक्सवर, म्हणजे चाळीस पट मोठं दाखवणाऱ्या ऑब्जेक्टिव्हवर, १०० मायक्रॉनमध्ये साधारण ५८० पिक्सेल बसतात, म्हणजे एक पिक्सेल ०.१७ मायक्रॉन. त्याच कॅमेऱ्यावर १० एक्सला १०० मायक्रॉनमध्ये १४५च पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ०.६९ मायक्रॉन. फरक बरोबर चौपट.

महागड्या यंत्रात नोजपीस स्वतःच सॉफ्टवेअरला सांगतं की आता कोणतं ऑब्जेक्टिव्ह आलं. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत आणि छोट्या लॅबमध्ये ते नसतं. तिथे एका कोपऱ्यातल्या यादीतून आपल्या हाताने ४ एक्स, १० एक्स, ४० एक्स निवडावं लागतं. तुम्ही नोजपीस फिरवता, चित्र बदलतं, स्केलबार मात्र जुनाच राहतो, आणि तो दिसतो अगदी खरा.

याचा परिणाम स्टूलच्या (शौचाच्या) स्लाइडवर बघा. हुकवर्म या आतड्यातल्या जंताचं अंडं साधारण ६० मायक्रॉन लांब. ते १० एक्सवर सापडलं आणि सॉफ्टवेअर ४० एक्सवर राहिलं असेल तर माप येतं १५ मायक्रॉन. एन्टामीबा या अमीबाच्या सिस्टचा (कवचातल्या रूपाचा) आकार १० ते २० मायक्रॉन. म्हणजे चुकलेला आकडा वेडावाकडा येत नाही, तो नेमका दुसऱ्या एका परजीवीच्या रकान्यात जाऊन बसतो. माझ्या जर्नलमधली मापं अशीच गेली होती. आधीच्या बॅचने सेटिंग जसं सोडलं तसंच ते राहिलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पान उलटवलं, हुकवर्मच्या चित्राखालचा आकडा वाचला आणि वही मिटली. तो आवाज मी विसरलेले नाही. प्रॅक्टिकलमध्ये गुण गेले तर पुन्हा मिळवता येतात. उद्या रिपोर्टवर तुमची सही असेल, आणि तो कागद घेऊन पेशंट डॉक्टरकडे जाईल.

दुसरं असंच छुपं कारण म्हणजे कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन, म्हणजे चित्रात किती पिक्सेल आहेत ते. लाइव्ह चित्र हलतं राहावं म्हणून कोणीतरी ते अर्ध्यावर आणतं. कॅलिब्रेशन (सॉफ्टवेअरला पिक्सेलचं माप शिकवणं) पूर्ण रिझोल्यूशनवर केलेलं असेल आणि सॉफ्टवेअरने ते आपणहून जुळवून घेतलं नाही, तर ऑब्जेक्टिव्ह बरोबर असूनही प्रत्येक माप निम्मं येतं. कॅमेरा किंवा अडॅप्टर बदलला तरी कॅलिब्रेशन नव्याने करायचं. हे काम तासाभराचंही नाही. तरी लोक टाळतात, याचा मला राग येतो.

धीर द्यायला एक सोपी पडताळणी सांगते. रंगवलेल्या रक्ताचा एक चांगला स्मिअर (काचेवर पसरलेला थेंब) कायम टेबलावर ठेवा. तांबडी पेशी साधारण ७ ते ८ मायक्रॉनची. बसल्यावर पहिल्यांदा तिचं माप घ्या. ती ३० मायक्रॉनची आली तर तुम्ही ४० एक्सवर आहात आणि सॉफ्टवेअर १० एक्सवर आहे. २ मायक्रॉनच्या आतबाहेर आली तर नेमकं उलट. रोज ही पेशी मोजणाऱ्याच्या हातून मापाची चूक होणं फार अवघड आहे. इतकं केलंत तर बाकी भीती बाळगायचं कारण नाही.

विकायला येणारे लोक ‘मॅडम, स्क्रीनवर २००० एक्स दिसतं’ म्हणतात. त्याला भुलू नका. बारकावा किती दिसणार हे ऑब्जेक्टिव्ह किती रुंद कोनातून उजेड गोळा करतं त्यावर, म्हणजे त्याच्या न्यूमरिकल अ‍ॅपर्चरवर ठरतं. ४० एक्सचं ०.६५ असेल तर अर्ध्या मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसणार नाहीत. १०० एक्स तेलाच्या १.२५ ला ही मर्यादा पाव मायक्रॉनच्या थोडी वर जाते. त्यापुढे स्क्रीन कितीही मोठी घ्या, धूसर चित्र मोठं होतं एवढंच. चित्राखाली नुसतं ‘४०० एक्स’ लिहिण्यालाही अर्थ उरत नाही. प्रोजेक्टरवर ते चित्र भिंतीएवढं होतं, मोबाइलवर बोटाएवढं. स्केलबार चित्राबरोबरच लहानमोठा होतो, म्हणून तो हवा, आणि खरा हवा.

रंगाबद्दल थोडक्यात. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग कोणता हे कॅमेऱ्याने आपणहून ठरवणं, बंद ठेवा. स्लाइडच्या रिकाम्या भागावर एकदा व्हाइट बॅलन्स करा आणि लॉक करा. टीबीसाठीच्या झेडएन (झील-नील्सन) स्टेनच्या स्लाइडवर सगळं फील्ड (एका वेळी दिसणारा भाग) निळं असतं. ऑटोवर कॅमेरा ते निळं काढून टाकायला बघतो आणि टीबीच्या गुलाबी काड्यांचा रंगही त्याबरोबर सरकतो.

आता शिकवणाऱ्यांबद्दल माझं ठाम मत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोंवरून मॉर्फोलॉजी (पेशी आणि परजीवींची रूपं ओळखणं) शिकू नका. तिथे मलेरियाच्या परजीवीची प्रत्येक रिंग (अंगठीसारखं रूप) मधोमध, स्वच्छ, एकटी असते. खरी स्लाइड तशी नसते. थिक स्मिअर (रक्ताचा जाड थर) निगेटिव्ह म्हणण्याआधी तेलावर निदान १०० फील्ड बघावे लागतात आणि त्यात प्लेटलेट, डाग, कचरा सगळं येतं. गडचिरोलीकडून आलेला तापाचा पेशंट असेल तर ती स्लाइड उरकू नकाच. गुरू निवडायचा तर ज्याच्या टेबलावर लेन्स पेपर आणि झाकलेला मायक्रोस्कोप दिसतो असा जुना टेक्निशियन निवडा, मग त्याला भाषण देता येवो न येवो. आमच्या लॅबमधले काका स्क्रीनकडे बघतही नसत. ‘काय करून राहिली? आधी कंडेन्सर पाह्य,’ एवढंच म्हणायचे, आणि दरवेळी कंडेन्सरच खाली गेलेला असायचा. शिकवतो म्हणून महिनोन्‌महिने फुकट राबवून घेणाऱ्या लॅबपासून मात्र लांब राहा. आणि कोर्सची फी भरण्याआधी तो महाराष्ट्र परावैद्यक परिषदेच्या नोंदणीला चालतो का, हे स्वतः तपासा. दलालाच्या तोंडी शब्दावर वडिलांचे पैसे लावू नका.

कॅमेऱ्याचा खरा उपयोग कुठे आहे ते आपल्या विदर्भातल्या सिकलसेलच्या (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) स्लाइडवर कळतं. ताजं बनवलेलं, ऑक्सिजन काढून घेणारं २ टक्के सोडियम मेटाबायसल्फाइट रक्ताच्या थेंबात मिसळायचं, कव्हरस्लिपच्या कडा व्हॅसलिनने बंद करायच्या आणि ४० एक्सवर एकच फील्ड धरून ठेवायचं. थोड्या थोड्या वेळाने फोटो घ्यायचा. गोल पेशीची एक कड आधी ताणली जाते, मग दुसरी, आणि पेशीचा विळा होतो. आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) हे एकाला दिसतं आणि तोही मध्येच डोळा काढतो. फोटो ओळीने लावले की मागच्या बाकावरच्या मुलीलाही ऑक्सिजन कमी होणं म्हणजे काय ते दिसतं. एक ध्यानात ठेवा: या तपासणीत ट्रेटही (आजार नसलेला नुसता वाहक) पॉझिटिव्ह येतो. ट्रेट की आजार, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनच्या तपासण्यांवरच ठरवायचं.

शेवटी नागपूरची हवा. मे महिन्यात पारा ४५च्या घरात गेला की लॅबमध्ये कूलर लागतो, आणि कूलरचा झोत मायक्रोस्कोपवर येईल असं टेबल कधीच ठेवू नका. ओलावा आणि धूळ दोन्ही एकदमच लेन्सवर बसतात. पुढे पावसाळ्यात आतल्या काचेवर बुरशीची बारीक जाळी धरते. स्क्रीनवर ती धुरकट डागासारखी दिसते. स्लाइड सरकवून बघा. डाग स्लाइडबरोबर हलला तर तो स्लाइडचा. हलला नाही तर ऑब्जेक्टिव्ह बदलून बघा. तेव्हा गेला तर त्या ऑब्जेक्टिव्हचा, तरीही राहिला तर कॅमेरा सैल करून फिरवा. डाग चित्राबरोबर फिरला तर तो खालच्या काचेवर, स्क्रीनवर जागचा हलला नाही तर कॅमेऱ्यावर. ऑब्जेक्टिव्ह स्वतः उघडून पुसू नका. रात्री कव्हर घाला, कपाटात ठेवत असाल तर सिलिका जेलची पुडी आत टाका आणि तिचे दाणे रंग बदलले की गरम करून सुकवा.