पहिलं पुस्तक काढताना: मराठवाड्यातल्या नव्या लेखकांसाठी

गंगाखेड असो की उदगीर, पुस्तक होईल एवढ्या कविता किंवा कथा साठल्या की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "पुणं गाठा." दुसरा, "पैसे भरा, महिन्यात पुस्तक हातात." घाई करू नका. शासनाचं नवलेखक अनुदान आणि राज्य वाङ्मय पुरस्कारांतले प्रथम प्रकाशनाचे पुरस्कार फक्त पहिल्याच पुस्तकासाठी असतात. कच्चं पुस्तक छापून बसलात की ती संधी गेली.

आधी सुटं छापून येऊ द्या

मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान' हे नियतकालिक, दिवाळी अंक, दैनिकांच्या रविवार पुरवण्या, आकाशवाणीची परभणी, नांदेड, बीड ही केंद्रं. सुरुवात इथून करा. अनोळखी संपादक कुठे कात्री लावतो ते पाहिलं की आपल्या लेखनातलं सैल काय आहे ते कळतं. कोणती कथा कुठे, कोणत्या महिन्यात आली याची नोंद ठेवा. प्रकाशक ती विचारतात, आणि पुस्तकात पूर्वप्रसिद्धीचा उल्लेखही करावा लागतो.

हस्तलिखित

युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या मराठीत, टाइप करा, ए-फोर कागदाच्या एकाच बाजूला छापा, पानांना क्रमांक द्या आणि सुरुवातीला अनुक्रमणिका जोडा. मूळ प्रत कुणालाही देऊ नका.

आपल्याकडच्या लेखकानं एक काम आवर्जून करावं: बोलीचा तक्ता. तुमचं पात्र "काय करायलास?" म्हणत असेल, तर मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफ तपासणारा, ते चूक समजून "काय करतोयस?" करून टाकू शकतो. सगळ्या संवादांत असं झालं तर माणसं लातूर-नांदेडची उरत नाहीत. म्हणून बोलीतले शब्द आणि क्रियापदांची रूपं एका कागदावर लिहा, 'हे असंच ठेवावं' असा शेरा मारा आणि तो कागद हस्तलिखिताला जोडा. तुम्हीही एक रूप शेवटपर्यंत सांभाळा. एका पानावर 'लई' आणि पुढच्यावर 'लय' असेल तर शोधकाला दोष देता येणार नाही.

पाठवायचं कुठे

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आधी पाहा. एकही पुस्तक न आलेल्या लेखकांकडून कविता, कथा, कादंबरी, नाटक, ललित, बालवाङ्मय अशा प्रकारांतली हस्तलिखितं मागवली जातात आणि निवड झालेल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला अनुदान मिळतं. मुदत आणि पानांची अट त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचून घ्या.

प्रकाशक निवडताना गावातल्या सार्वजनिक वाचनालयात एक दुपार काढा. तुमच्या लेखनाच्या जवळची पुस्तकं काढा आणि प्रत्येकाचं श्रेयपान, म्हणजे प्रकाशकाचं नाव-पत्ता असलेलं सुरुवातीचं पान, बघा. ती कोण काढतं हे तिथंच कळेल. छत्रपती संभाजीनगरचं साकेत, नांदेडचं निर्मल अशा प्रकाशन संस्था आपल्याच भागात आहेत. आधी एक पानाचं पत्र आणि दोन-तीन नमुने पाठवा. तीन-चार महिने उत्तर आलं नाही तर फोन करायला हरकत नाही. २०२० चं साहित्य संमेलन धाराशिवला झालं, २०२२ चं उदगीरला. अशा संमेलनात प्रकाशकांचे गाळे जरूर हिंडा, पण गर्दीत हस्तलिखित हातात कोंबू नका. ओळख करून घ्या, पत्ता घ्या.

करार

इथं अजिबात भिडस्तपणा नको. 'आपलेच आहेत' म्हणून तोंडी बोलण्यावर पुस्तक देणारे खूप आहेत, आणि त्याचा जाच पुढे लेखकालाच होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी, सहीनिशी असावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' एवढंच वाक्य दिसलं तर थांबा. आवृत्ती, ई-पुस्तक, भाषांतर, नाटक-चित्रपट हे हक्क वेगवेगळे लिहून घ्या.

मानधनाचा हिशेबही समजून घ्या. २०० रुपये किमतीच्या पुस्तकावर १० टक्के ठरले, तर प्रतीमागे २० रुपये, ५०० प्रती विकल्या तर १०,००० रुपये. टक्के छापील किमतीवर की सवलत वजा जाता, आणि हिशेब वर्षातून कधी मिळणार, हे करारात असू द्या.

स्वखर्चानं काढायचं ठरलंच तर किमान दोन ठिकाणांहून लेखी दरपत्रक घ्या. त्यात कागदाचं वजन, बांधणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, प्रतींची संख्या सगळं वेगवेगळं मांडलेलं हवं. छपाईचा हिशेब १६ पानांच्या फर्म्यावर चालतो: १२८ पानं म्हणजे ८ फर्मे. मजकूर १३० पानांवर गेला तर दोन पानांसाठी जादा खर्च अंगावर येतो, तेव्हा आधीच काटछाट करा.

प्रूफ

युनिकोड मजकूर जुन्या फाँटमध्ये नेताना जोडाक्षरं तुटतात, विशेषतः 'ऱ्या' आणि 'ऱ्ह'. म्हणून प्रूफ कागदावर, मूळ प्रत शेजारी ठेवून वाचा. एकदा शेवटच्या पानाकडून पहिल्या पानाकडे वाचा, म्हणजे डोळा गोष्टीत गुंतत नाही. मुखपृष्ठ, पाठकव्हर आणि कण्यावरचं नाव निराळं तपासा.

छापून आल्यावर

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी तो देते आणि स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखकालाही अर्ज करता येतो. त्यासाठी हजारो रुपये मागणाऱ्याला नकार द्या. १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना प्रती पाठवणं ही प्रकाशकाची जबाबदारी आहे. स्वतः प्रकाशक असाल तर ती तुमची.

राज्य पुरस्कारांसाठी कॅलेंडर वर्षात निघालेली पुस्तकं धरतात. डिसेंबरच्या शेवटी पुस्तक निघालं तर अर्जाची धावपळ लगेच सुरू होते, म्हणून जमलं तर जानेवारीची तारीख धरा. प्रकाशन समारंभात हार-शालींवर खर्च करण्यापेक्षा तीच रक्कम टपालावर घाला. तालुक्यातली वाचनालयं, महाविद्यालयांचे मराठी विभाग, परीक्षण लिहिणारे अभ्यासक यांची यादी करा आणि प्रत्येक प्रतीसोबत दोन ओळींचं हातानं लिहिलेलं पत्र आणि तुमचा फोन नंबर ठेवा.